पानांतले बिऱ्हाडकरू

गेल्या श्रावणांत आम्ही चार दिवस सोमेश्वरनगरास होतों. आमचे मेहुणे तेथील साखर कारखान्यांत केमिस्ट होते. निवृत्त झाल्यावरहि त्यांनीं गांव सोडलें नाहीं. बारामती तालुक्याचा हा भाग मूळचा कमी पावसाचा. नीरेचा डावा कालवा आला, त्यामागून ऊंस आला, उंसामागून सहकारी कारखाना आला, आणि कारखान्याभोंवतीं शाळा, दवाखाने, महाविद्यालय व आमच्या मेहुण्यांसारखीं बाहेरगांवचीं कुटुंबें आलीं. करंजे येथील सोमेश्वराच्या दर्शनास सोमवारीं माणसांची रीघ लागते, तीहि आम्हीं पाहिली. परंतु या महिन्याचा विषय आम्हांस देवळांत सांपडला नाहीं, कारखान्यांतहि नाहीं. तो सांपडला मेहुण्यांच्या परसांतील अडुळशाच्या कुंपणांत.

घरांतील सर्वांत धाकटा पणतू पांच वर्षांचा. त्याला दोन दिवसांपासून सर्दी-खोकला होता. मेहुण्यांच्या मातोश्री नव्वदीच्या घरांत आहेत. घरादारांत सर्व त्यांना आजीच म्हणतात. त्यांनीं सकाळींच अडुळशाचीं पानें खुडलीं आणि काढ्याचें आधण ठेवलें. तेवढ्यांत नातसुनेनें कपाटांतून गोळ्यांची एक अर्धी पट्टी काढली. मागच्या वर्षीं थोरल्या मुलाचा घसा सुजला होता, तेव्हां डॉक्टरांनीं लिहून दिलेल्या अमॉक्सिसिलिनच्या त्या उरलेल्या गोळ्या. मुलाला तीन दिवसांत बरें वाटलें, म्हणून बाकीच्या कोणा पुढच्या आजाऱ्यासाठीं जपून ठेवलेल्या. आमच्या वाचकांपैकीं किती घरांच्या कपाटांत अशी पट्टी आहे, हें आम्हीं विचारण्याचें कारण नाहीं. आमच्या स्वतःच्या कपाटांत दोन निघाल्या.

मेहुण्यांचा धाकटा मुलगा वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत शिकतो. "वहिनी, त्या गोळ्या राहूं द्या," तो म्हणाला, आणि आजींच्या हातांतलें एक पान उचलून त्यानें उजेडाकडे धरलें. "आजी, या पानांत बिऱ्हाडकरू राहतात, तुला ठाऊक आहे का?"

"कीड लागली कीं काय मेली?"

"कीड नव्हे, बुरशी."

आजींनीं पानें ताटांत ठेवलीं. "बुरशी? अरे, मग हें पान ओंवळेंच झालें कीं!"

सगळे हंसले. पण आम्हांस तो प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाहीं, आणि पुढचे दोन दिवस त्या मुलाला आम्हीं प्रश्न विचारून भंडावून सोडलें.

बुरशी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें येते ती पावसाळ्यांतल्या पापडावरची, लोणच्याच्या बरणींतली, चामड्याच्या वहाणेवरची. ती बाहेरून येते, वस्तु नासवते आणि डोळ्यांस दिसते. पानाच्या आंतली बुरशी निराळी. पान हिरवेंगार, निरोगी, डाग नाहीं कीं सुरकुती नाहीं. आणि तरीहि त्याच्या पेशींच्या मधल्या फटींतून केसाहून कितीतरी बारीक तंतु पसरलेले असतात. हाइन्रिख आंतोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञानें अशा वनस्पतीच्या आंत राहणाऱ्या जीवांस १८६६ सालीं एंडोफाइट असें नांव दिलें. आपण त्यांस अंतर्वासी बुरशी म्हणूं. आजवर तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक वनस्पतींत ती सांपडली आहे. तुळस, कडुनिंब, गुळवेल, अडुळसा, कोणीहि तिच्यावांचून नाहीं.

ती आंत येते कशी, हेंहि ऐकण्यासारखें आहे. कांहीं गवतांत ती बियांतून, आईकडून लेकीकडे यावी तशी येते. पण झाडाझुडपांच्या बाबतींत बहुधा तसें घडत नाहीं. नवी पालवी फुटते तेव्हां ती जवळजवळ रिकामी असते. मग वाऱ्यानें आणि पावसाच्या थेंबांनीं बुरशीचे बीजाणू पानावर येऊन पडतात. पान ओलें राहिलें कीं ते रुजतात आणि पर्णरंध्रांतून किंवा सालच भेदून आंत शिरतात. म्हणून कोंवळ्या पानापेक्षां जून पानांत बिऱ्हाडें अधिक, आणि कोरड्या दिवसांपेक्षां पावसाळ्यांत अधिक. एका पानांत एकच जात असते असेंहि नाहीं. एखाद्या जुन्या वाड्यासारखीं अनेक बिऱ्हाडें शेजारीं शेजारीं नांदत असतात.

वाड्याचा मालक त्यांना ठेवून कां घेतो? कारण भाडें मिळतें. पनामा देशांत कोकोच्या रोपांवर झालेला एक प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं पानांत मुद्दाम अंतर्वासी बुरशी रुजवली, कांहीं पानें तशींच ठेवलीं, आणि मग दोहोंवर एका घातक रोगाचा हल्ला करविला. बुरशी असलेल्या पानांची हानि स्पष्टपणें कमी झाली. बिऱ्हाडकरू आपली जागा राखण्यासाठीं परक्याला दारांतून हांकून लावतो. त्यासाठीं तो निरनिराळीं विषारी द्रव्यें पाझरतो. आणि त्यांतच मालकाचेंहि रक्षण होतें. अर्थात् सगळेच बिऱ्हाडकरू सज्जन असतात असें समजूं नये. कांहीं नुसते पान पिकण्याची वाट पाहत बसलेले असतात, म्हणजे पान गळल्याबरोबर पहिला घांस आपला. आणि कांहीं, झाड अशक्त झालें कीं, आंतल्या आंत रोगच होऊन बसतात.

आतां मुद्दा हा कीं, पानांतली बुरशी शेजारच्या जंतूंस मारण्यासाठीं जें द्रव्य करते, तें माणसास पू, जुलाब किंवा न्युमोनिया आणणाऱ्या जंतूंवर चालेल काय? औषधी वनस्पतींच्या पानांकडे शास्त्रज्ञ वळले ते या प्रश्नापायीं. शिवाय एक जुनी शंकाहि होतीच: ज्या गुणाबद्दल आपण शेंकडों वर्षें पानाला नमस्कार करीत आलों, त्याचा कांहीं भाग पानाचा नसून बिऱ्हाडकरूचा तर नसेल?

हें काम कसें करतात तें त्या मुलानें आजींना स्वयंपाकघरांतच बसून सांगितलें, आणि आजींस तें आमच्यापेक्षां लवकर समजलें. निरोगी पान खुडून आणावयाचें, नळाखालीं धुवावयाचें. मग सत्तर टक्के मद्यार्कांत मिनिटभर, नंतर कपडे पांढरे करण्याच्या द्रावणाच्या जातीच्या सोडियम हायपोक्लोराइटमध्यें कांहीं मिनिटें, पुन्हां मद्यार्कांत, आणि शेवटीं उकळून निर्जंतुक केलेल्या पाण्यांत दोन-तीन वेळां. पानाच्या पाठीवर बसलेला प्रत्येक जीव मेला पाहिजे, पण आंतला जगला पाहिजे. "म्हणजे तुमचें सोंवळेंच," आजी म्हणाल्या. सोंवळेंच, पण त्यांत एक परीक्षा अधिक आहे. शेवटच्या धुण्याचें पाणी फेंकून देत नाहींत. तेंहि एका वेगळ्या तबकडींत घालून ठेवतात. त्या पाण्यांतून कांहीं उगवलें तर धुणें कच्चें होतें, आणि पानांतून उगवलेली बुरशी आंतलीच होती असें म्हणण्याचा अधिकार राहत नाहीं. सगळें काम पहिल्यापासून करावें लागतें. आमचें सोंवळें या परीक्षेस उतरलें असतें कीं नाहीं, याविषयीं आम्ही मौन पाळतों.

मग पानाचे अर्ध्या सेंटीमीटरचे तुकडे करून तबकडींत मांडतात. तबकडींतलें अन्न म्हणजे बटाट्याचा अर्क व द्राक्षशर्करा, आणि तें घट्ट करण्यासाठीं अगर. हें अगर म्हणजे आपण ज्याला चायना ग्रास म्हणतों तोच समुद्री शेवाळाचा पदार्थ. चार-आठ दिवसांनीं, कधीं तीन आठवड्यांनींहि, तुकड्याच्या कापलेल्या कडेंतून पांढरे, करडे, हिरवट तंतु बाहेर डोकावूं लागतात. प्रत्येकाचें टोंक उचलून निराळ्या तबकडींत त्याचा निराळा संसार थाटून द्यावयाचा. कांहीं बुरशा बीजाणू धरतात व त्यांवरून ओळखूं येतात; कांहीं कधींच धरीत नाहींत, आणि त्यांचें कूळ शोधण्यासाठीं त्यांच्या आनुवंशिक द्रव्याचा एक ठराविक तुकडा वाचावा लागतो.

त्यापुढें एकेका बुरशीला बटाट्याच्याच पातळ अन्नांत दोन-तीन आठवडे वाढूं देतात, गाळतात, आणि गाळलेल्या पाण्यांतील द्रव्य इथिल ॲसिटेट नांवाच्या द्रावकांत ओढून घेतात. द्रावक उडून गेलें कीं तळाशीं चमचाभरहि नाहीं इतका चिकट साका उरतो. दुसऱ्या तबकडींत पू करणारे किंवा आंतड्यांत राहणारे जंतु पेरलेले असतात. तिच्यांत लहानसा खळगा पाडून त्यांत साक्याचें द्रावण सोडतात. बाजूच्या खळग्यांत नुसतें द्रावक, तिसऱ्यांत ओळखीचें प्रतिजैविक. एक रात्र सरते. सकाळीं तबकडी जंतूंच्या वाढीनें दुधट झालेली असते. आणि साक्यांत जोर असला तर खळग्याभोंवतीं एक स्वच्छ, पारदर्शक कडें उमटलेलें दिसतें. तेवढ्या जागेंत एकहि जंतु वाढलेला नसतो. पट्टी लावून तें कडें मिलिमीटरांत मोजतात.

या कामाला फार मोठी सामग्री लागत नाहीं, हें आम्हांस विशेष वाटलें. निर्जंतुक करण्याचें यंत्र म्हणजे प्रेशर कुकरचाच थोरला भाऊ. बटाटे बाजारांत, पानें परसांत. सोमेश्वरनगरच्या मुगुटराव साहेबराव काकडे महाविद्यालयासारखीं विज्ञान शिकवणारीं महाविद्यालयें आतां महाराष्ट्रांत तालुक्यांच्याहि गांवीं आहेत, आणि एवढें काम तेथें होऊं शकतें. निवडलेल्या बुरशा जतन करण्यासाठीं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत राष्ट्रीय संग्रह आहे.

आणि पुणें जिल्ह्यास बुरशीचें कौतुक नवें नाहीं. १९२८ सालीं फ्लेमिंगला लंडनमध्यें एका बुरसलेल्या तबकडींत असेंच स्वच्छ कडें दिसलें, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं शाळेंत वाचली आहे. त्यापुढची कमी लोकांस ठाऊक असते. त्या कड्यापासून औषध होण्यास बारा-तेरा वर्षें लागलीं, आणि तींहि फ्लेमिंगच्या हातून नव्हे, तर ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. १९४१ सालीं त्यांनीं रक्तदोषानें मरणपंथास लागलेल्या एका पोलीस शिपायास पेनिसिलिन टोंचलें. तो सुधारूं लागला. पण औषध इतकें थोडें होतें कीं, त्याच्या लघवींतून गेलेलें काढून पुन्हां टोंचावें लागलें. पांच दिवसांत सगळें संपलें, आणि तो गेला. पुढें अमेरिकेंत बाजारांतल्या एका बुरसलेल्या खरबुजावर अधिक देणारी बुरशी सांपडली, आणि मग कारखाने चालूं लागले. आपल्याकडे पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ सालीं झाली व पुढच्याच वर्षीं तेथें पेनिसिलिन निघूं लागलें. त्याच कारखान्यांतील संशोधकांनीं पुढें तेथल्या मातींतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हें बुरशीनाशक औषध काढलें. त्या जीवाच्या शास्त्रीय नांवांतच पिंपरी आहे.

हें ऐकून आजींनीं नातसुनेच्या हातांतल्या पट्टीकडे पाहिलें. "म्हणजे ही गोळीसुद्धां बुरशीचीच?" होय. अमॉक्सिसिलिनचा गाभा पेनिसिलिनच्या बुरशीकडूनच येतो. त्यावर रसायनशाळेंत थोडें शिवणकाम होतें, इतकेंच. सेफॅलोस्पोरिन या दुसऱ्या मोठ्या घराण्याचा मूळपुरुषहि बुरशीच. ती १९४५ सालीं सार्डिनिया बेटांत गटाराचें पाणी समुद्रास मिळतें तेथें सांपडली. ओंवळेपणाचा प्रश्न त्या दिवसापुरता तेथेंच मिटला.

तर मग अडुळशांतल्या बुरशीपासून औषध केव्हां निघणार? येथें आम्हांस वाचकांचा उत्साह थोडा आवरावा लागतो. कडें उमटणें आणि औषध होणें यांमधील अंतर फार मोठें आहे. जंतूंस मारणारें द्रव्य माणसाच्या पेशींसहि मारीत असेल. फिनाइलसुद्धां सुंदर कडें पाडील. पुष्कळदां सांपडलेलें द्रव्य जुन्याच ओळखीचें निघतें. वाराणसीच्या शास्त्रज्ञांनीं कडुनिंबाच्या मुळांतील एका बुरशींतून जॅव्हॅनिसिन नांवाचें जंतुनाशक द्रव्य काढलें व तें २००९ सालीं प्रसिद्ध केलें. तें स्युडोमोनाससारख्या हट्टी जंतूंवर चाललें, ही मोठीच गोष्ट. पण तें द्रव्य दुसऱ्या एका बुरशींतून पूर्वींच ठाऊक होतें, आणि औषध म्हणून तें आजहि दुकानांत नाहीं.

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. पानांतून काढून तबकडींत आणलेली बुरशी हळूहळू आपलें काम विसरते. नीरा ओलांडली कीं सातारा जिल्हा लागतो. त्याच्या पश्चिमेच्या घाटांत नरक्या नांवाचें झाड आहे. त्यांतील कॅम्टोथेसिन या द्रव्यापासून कर्करोगावरचीं औषधें करतात, आणि त्या लोभानें हीं झाडें बेसुमार तोडलीं गेलीं. पश्चिम घाटांतील याच झाडाच्या आंतल्या सालींत राहणारी एक बुरशी तेंच द्रव्य करते, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां झाड वांचणार म्हणून अनेकांस आनंद झाला. पण कॅम्टोथेसिनच्याच दुसऱ्या, चिनी झाडांतील बुरशीवर काम करतांना असें आढळलें कीं, तबकडींत पिढ्यामागून पिढ्या वाढवली म्हणजे तिचें उत्पन्न घटत जातें. यू वृक्षाच्या टॅक्सॉलची कथा याहून जुनी. १९९३ सालीं अमेरिकेंत त्या झाडाच्या सालींतली बुरशी टॅक्सॉल करते असें जाहीर झालें. प्रमाण होतें लिटरमागें कांहीं नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जांश. वीस वर्षांनंतर दुसऱ्या शास्त्रज्ञांनीं अशा बुरशा पुन्हां तपासल्या, आणि त्या टॅक्सॉल स्वतः करतात याचा पुरावा त्यांना मिळाला नाहीं. टॅक्सॉल आजहि मिळतें तें यूच्या पानांपासून, किंवा त्या वृक्षाच्या पेशी टाक्यांत वाढवून. बिऱ्हाडकरूला वाड्याबाहेर काढला कीं तो भाडें देईनासा होतो, असें तो मुलगा म्हणाला. शेजारी नाहींत, भांडण नाहीं, मग शस्त्र कशाला परजावयाचें? म्हणून आतां कांहीं संशोधक एका तबकडींत दोन बुरशा किंवा बुरशी आणि जंतु मुद्दाम एकत्र घालून त्यांची झुंज लावतात.

इतक्या अडचणी असतां ही खटपट कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर त्या अर्ध्या पट्टींत आहे. जुनीं प्रतिजैविकें बोथट होत चाललीं आहेत. अशा निर्ढावलेल्या जंतूंच्या रोगांनीं २०१९ या एका वर्षांत जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें दगावलीं, असा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. जंतूंना थोडें औषध देऊन अर्ध्यावर सोडलें तर ते औषधाला सरावतात, हें फ्लेमिंगनें स्वतः १९४५ सालीं नोबेल पारितोषिक घेतांनाच सांगून ठेवलें होतें. कोणी गृहस्थ दुकानांतून पेनिसिलिन घेईल, अपुरें घेईल, आणि निर्ढावलेले जंतु आपल्याच घरांतल्या माणसाला देईल, अशा अर्थाची कथाच त्यानें रचून सांगितली होती. कपाटांतली पट्टी तिच्याच पुढच्या अध्यायांतली. आणि लहान मुलाची साधी सर्दी बहुतेक वेळां विषाणूंची असते; तिच्यावर अमॉक्सिसिलिनचा कांहींच उपयोग नसतो. नातसून शिकलेली आहे, तिनें तें ऐकून घेतलें. पण जातां जातां एवढें म्हणालीच कीं, रात्रीं दोन वाजतां मूल खोकूं लागलें म्हणजे हें सगळें आठवत नाहीं. तिचें म्हणणें खोटें नाहीं.

आतां काढ्याविषयीं. अडुळशाचा मान बुरशीवर अवलंबून नाहीं. त्याच्या पानांत व्हॅसिसिन नांवाचें स्वतःचें द्रव्य आहे, आणि खोकल्याच्या बाटलींत ज्याचें नांव पुष्कळदां दिसतें तें ब्रोमहेक्सिन त्याच्याच धर्तीवर बनवलेलें आहे. मात्र गरोदर बाईस अडुळसा देऊं नये. त्यानें गर्भाशय आकुंचन पावण्याचें भय असतें. आणि आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हिरव्या पानाच्या आंतली, न दिसणारी बुरशी आणि दमट डब्यांतल्या वाळक्या पानांवर, शेंगदाण्यांवर किंवा मक्यावर चढलेला बुरा या एक नव्हेत. त्या बुऱ्यांतले कांहीं प्रकार अफ्लाटॉक्सिन हें यकृताचा नाश करणारें विष करतात, आणि तें उकळून जात नाहीं. १९७४ सालीं गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी गांवांत असा मका खाऊन शंभरावर माणसें मेलीं. तेव्हां बुरसलेला ओंवा, बुरसलेली वाळकी तुळस, "बुरशी औषधी असते असें मासिकांत आलें होतें" असें म्हणून कोणी पोटांत घालूं नये.

पणतूचा खोकला आठवड्यानें गेला. काढ्यानें गेला कीं आपोआप, हें सांगण्यास आमच्याजवळ प्रमाण नाहीं, आजींजवळ आहे. गोळ्यांची पट्टी नातसुनेनें औषधाच्या दुकानदाराकडे नेऊन दिली.

निघतांना आजींनीं अडुळशाच्या दोन फांद्या ओल्या फडक्यांत गुंडाळून आमच्या पिशवींत घातल्या. त्यांतली एक जगली. या महिन्यांत तिला चार नवीं पानें फुटलीं आहेत, आणि त्या मुलाच्या म्हणण्यावरून तीं अजून रिकामीं असावींत. आमच्याकडे पाऊस उतरायला अजून अवकाश आहे.